नीटनेटक्या गावांची स्पर्धा

आयर्लंडमध्ये १९५८ साली ‘टायडी टाउन्स’ ही नीटनेटक्या गावांची स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी ५२ गावे उतरली आणि डोनेगॉल परगण्यातील ग्लेंटीज हे गाव विजयी ठरले. गावोगावचे स्वयंसेवक फुलझाडे लावतात, भिंती रंगवितात, कचरा वेचतात. उन्हाळ्यात परीक्षक येऊन गाव पाहतात. त्यानंतर प्रत्येक गावाला, मग ते हरलेले का असेना, गुणांसह लेखी अहवाल मिळतो: काय साधले आणि काय राहून गेले. स्पर्धेचे मर्म या अहवालातच आहे. सर्वोच्च मान एकाच गावाला लाभतो; पुढील वर्षाचे काम मात्र सर्वांच्या वाट्याला येते. पुढे वन्यजीवांच्या आश्रयस्थानांनाही गुण मिळू लागले. केवळ कुंड्या मांडून भागेनासे झाले. ओढा आणि कुंपणही वर्षभर राखावे लागले.