माथ्यावरच्या रानात जाताना

(गिरिभ्रमणास निघालेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपण माथेरानला निघाला आहात. 'माथ्यावरचे रान' असा या नावाचा अर्थ सांगितला जातो, आणि स्थळ पाहिल्यावर तो पटतो. आजच्या रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून उभा राहिलेला हा डोंगर सुमारे ८०० मीटर उंच आहे. थंड हवेची ठिकाणे महाराष्ट्रात अनेक आहेत. परंतु माथेरानचे वेगळेपण असे की, तेथे मोटारीला प्रवेश नाही. दस्तुरी नाक्यावर वाहन सोडावयाचे आणि तेथून पुढे पायी, घोड्यावर किंवा छोट्या आगगाडीने गावात जावयाचे. हे गाव पायांनी पाहावयाचे आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी.

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू पॉइंट्झ मॅलेट हे चौक गावाकडून वन ट्री हिलच्या घळीने वर चढले आणि त्यांनी माथेरानचा 'शोध' लावला, असे पुस्तकांतून वाचावयास मिळते. या शब्दाचा अर्थ आपण बेताने घ्यावा. ठाकूर, कातकरी आणि धनगर या रानात त्यापूर्वीच वावरत होते. मॅलेट यांच्यामुळे येथे बंगले झाले, वस्ती झाली, हे मात्र खरे. पुढे आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःचा पैसा ओतून नेरळपासून वर सुमारे २० किलोमीटरचा, अवघा दोन फूट रुंदीचा लोहमार्ग बांधविला. तो १९०७ मध्ये सुरू झाला. जुलै २००५ च्या अतिवृष्टीने तो उद्ध्वस्त केला आणि २००७ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. २०१९ च्या पावसाने पुन्हा खंड पडला, तो २०२२ मध्ये भरून निघाला. डोंगरावरील कोणतीही सोय किती कष्टाने टिकवावी लागते, याचा हा धडाच होय.

आपण चढणारी मंडळी आहात. भिवपुरी रोड स्थानकावर उतरून, पाली-भूतिवली धरणाच्या बाजूने सागाची वाडी ओलांडून गारबेटच्या पठारावर जाणारी वाट आपणास आवडेल. वर पोहोचल्यावर पूर्वेस उल्हास नदीचे खोरे आणि त्यापलीकडे सह्याद्रीची मुख्य धार दिसते. उत्तरेस पॅनोरमा पॉइंटवरून पेब ऊर्फ विकटगड आणि चंदेरीचे सुळके, पश्चिमेस प्रबळगडाचा प्रचंड विस्तार, तर दक्षिणेस इरशाळगडाचा सुळका अशी ही दुर्गमाला आहे. हवा स्वच्छ असते ती ऑक्टोबरपासून पुढे. पावसाळ्यातील धबधब्यांचे आकर्षण तरुणांना अनावर असते. परंतु इरशाळगडाकडे पाहताना एक आठवण ठेवावी. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्याच उतारावरील इरशाळवाडी दरडीखाली गाडली गेली. ज्यांचा जन्म या डोंगरात गेला, त्यांनाही डोंगराने वाचविले नाही. मग आपण पाहुण्यांनी मुसळधार पावसात निसरड्या कड्यावर धाडस दाखविण्यात कोणता पुरुषार्थ?

माथेरानचा माथा जांभ्या दगडाचा आहे. त्यामुळेच तेथील वाटा तांबड्या दिसतात. ही माती ठिसूळ असते. टापांनी व पावलांनी ती सुटते आणि पावसाबरोबर दरीत जाते. तिला धरून ठेवतात ती झाडांची मुळे. अंजनी, जांभूळ, हिरडा यांची ही दाट सावली आहे आणि तिच्यातच आपले राज्यप्राणी शेकरू नांदते. केंद्र शासनाने २००३ मध्ये माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून घोषित केला, तो हे सारे राखण्यासाठी. म्हणून मळलेली वाट सोडून नवी आडवाट पाडणे हा येथे लहान अपराध नव्हे.

आता जी गोष्ट सांगावयाची, ती सर्वांत महत्त्वाची आहे. मोटार नाही म्हणून येथे शांतता आहे. पण मोटार जे ओझे उचलते, ते येथे कोणाला तरी उचलावेच लागते. सिलिंडर असो, भाजीपाला असो, प्रवाशांचे सामान असो, ते घोड्यांच्या पाठीवरून आणि माणसांच्या खांद्यावरून, डोक्यावरून गेले आहे. हातरिक्षा एकाने पुढून ओढावयाची आणि दोघांनी मागून रेटावयाची, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक मानून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ती ओढणाऱ्यांना ई-रिक्षांद्वारे उपजीविका देण्याचा आदेश दिला. माणसाला माणसाने ओढू नये, याविषयी दुमत नसावे. मात्र त्याचबरोबर रानाची शांतता टिकावी आणि घोडेवाल्यांच्या घरची चूलही पेटती राहावी, हा तोल साधणे सोपे नाही. तो केवळ शासनाने साधावयाचा नसून येणाऱ्या प्रत्येकाने साधावयाचा आहे.

आपल्या हाती काय आहे? ज्यांचे पाय धड आहेत, त्यांनी चालावे. वाहनाची सोय वृद्धांसाठी व अपंगांसाठी मोकळी ठेवावी. स्वतःची पाठपिशवी स्वतः वाहावी. सामान द्यावयाचेच असेल, तर ठरलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी. वर नेलेले प्लास्टिक खाली परत आणावे, कारण आपण टाकलेला कचराही शेवटी कोणाच्या तरी डोक्यावरूनच उतरतो.

आणखी एक. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी याच माथेरानमध्ये झाला. वकील झालेल्या या तरुणाने कर्जाखाली पिचलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यपेढी काढली, १९४२ च्या लढ्यात वीजवाहक मनोरे पाडून सरकारला हादरा दिला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात हिराजी पाटील यांच्यासह हौतात्म्य पत्करले. पॉइंटांच्या यादीत साहेबांची नावे पुष्कळ आहेत. ती वाचताना या भूमिपुत्राचे स्मरण अवश्य करावे.

डोंगर चढून आलेल्याला दूरचे दिसते. तसेच जवळच्या माणसाचे ओझेही दिसावे, तर आपली सहल सार्थकी लागली असे मी म्हणेन. आपला प्रवास सुखाचा होवो.