काय-वर्ग कसोटी कुठे लावावी?

ब्रनो शहरातल्या मठात ग्रेगोर मेंडेलने वाटाण्याचे ७,३२४ दाणे निवडून पाहिले. ५,४७४ गोल निघाले, १,८५० सुरकुतलेले. तीनास एक हे प्रमाण धरलं, तर ५,४९३ आणि १,८३१ निघायला हवे होते. फरक १९ दाण्यांचा. हा निव्वळ योगायोग, की प्रमाणच चुकलं? अशा प्रश्नासाठी कार्ल पिअर्सनने १९०० साली काय-वर्ग कसोटी मांडली.

प्रत्येक गटातल्या फरकाचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित संख्येने भागायचं आणि सगळ्याची बेरीज घ्यायची. १९ चा वर्ग ३६१. तो आधी ५,४९३ ने भागा, मग १,८३१ ने. बेरीज येते सुमारे ०.२६. दोन गट असले की नेहमीची मर्यादा ३.८४. आपण तिच्या खूपच आत आहोत, म्हणजे मेंडेलच्या प्रमाणाला धक्का लागत नाही. मात्र ते सिद्ध झालं, असंही ही कसोटी म्हणत नाही.

लस घेतलेले आणि न घेतलेले, त्यांत आजारी पडलेले आणि न पडलेले, अशा चौकटीलाही हीच कसोटी लागते. पण चौकटीत मोजलेली डोकी हवीत, आणि प्रत्येक माणूस एकाच खान्यात, एकदाच. त्याच माणसांना उपचाराआधी आणि नंतर विचारलं असेल, तर ही कसोटी चालत नाही.

माझा खरा आग्रह टक्केवारीबद्दल आहे. नाणं १०० वेळा उडवलं आणि ६० वेळा छापा आला, तर बेरीज ४. मर्यादा ओलांडली, नाण्याविषयी शंका घ्यायला जागा आहे. १० वेळा उडवून ६ छापे आले, तर बेरीज फक्त ०.४. टक्के दोन्हीकडे साठच! टक्के भरले की किती वेळा मोजलं हेच पुसलं जातं, आणि कसोटीचा सगळा जीव त्यातच असतो. वजन-उंचीचं तसंच. किलोऐवजी ग्रॅम लिहिले, तर उत्तर हजारपट होईल. मापांसाठी टी-कसोटीसारख्या वेगळ्या कसोट्या आहेत.

शिवाय अपेक्षित संख्या फार लहान नको. प्रत्येक खान्यात निदान पाच असावी, असा जुना संकेत आहे. इथे अपेक्षित म्हणजे प्रत्यक्ष मोजलेली नव्हे. विद्यार्थी नेमके इथेच गोंधळतात. दोन बाय दोनच्या चौकटीत ती पाचाच्या खाली गेली, तर रोनाल्ड फिशरची अचूक कसोटी वापरावी.