बाळंतपणानंतरचा व्यायाम
(वार्षिक सभेतील मनोगत)



‘अंग बाहेर येते’ ही तक्रार जळगाव-धुळ्याकडच्या भगिनी वर्षानुवर्षे लपवितात. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या गडचिरोलीतील पाहणीत (१९८९) ९२ टक्के स्त्रियांना जननमार्गाचे आजार आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या.

प्रसूतीत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात. पुढे खोकतानाही लघवी होते. अशा वेळी पोट उतरावे म्हणून घाईने उड्या मारल्या, किंवा शेतातून केळीचा घड उचलला, तर भार त्या सैल तळावरच पडतो. (ओझे उचलण्यास घरातील पुरुषमंडळी आहेतच!)

ज्या व्यायामाची आम्ही शिफारस करतो त्यास ना यंत्र लागते, ना देणगी. लघवी रोखल्यागत स्नायू आत ओढावेत, श्वास न कोंडता काही क्षण धरावेत, मग पूर्ण सैल सोडावेत. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा सराव करू नये. वजन उचलणे भागच असेल तर स्नायू आवळून, श्वास सोडीत उचलावे.

गाठीसारखे काही खाली जाणवत असल्यास आधी तपासणी करावी. सुनेस सासूबाईंनीच सोबत आणावे, ही आमची विनंती. पुष्कळदा त्यांचीही तपासणी राहिलेली असते.