लेखणी आपली, बोल दुसऱ्याचा



तुमच्यापैकी पुष्कळांनी लहानपणी शेजारच्या आजीचे पत्र लिहून दिलेले असेल. आजी उंबऱ्यावर बसायची आणि मुंबईच्या गिरणीत असलेल्या मुलाला काय काय कळवायचे ते सांगायची. आपण पोस्टकार्डावर बारीक अक्षरांत ते बसवायचो. शेवटी आजी म्हणायची, “वाच बघू एकदा.” आपण वाचायचो. एखादे वाक्य ऐकून ती मान हलवायची, “असं नाही म्हटलं मी.” मग तेवढे खोडून पुन्हा लिहायचे. मुंबईत जनरल पोस्ट ऑफिसच्या बाहेर तर अशी पत्रे लिहून देणाऱ्यांचा धंदाच होता. तालुक्याच्या कचेरीपाशी अर्ज लिहून देणारे आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

आजचा विषय त्याच कामाचा थोरला भाऊ आहे. दुसऱ्याचे आयुष्य, दुसऱ्याचे भाषण, दुसऱ्याचे अनुभव आपण लिहायचे आणि पुस्तकावर नाव त्याचे यायचे. आपल्याकडे याला शब्दांकन म्हणतात. कधी आतल्या पानावर ‘शब्दांकन अमुक’ असे छापतात, कधी तेही नसते. मी काही वर्षे प्राथमिक शिक्षक होतो, नंतर हेच काम स्वतंत्रपणे करू लागलो. हे काम करू पाहणाऱ्याच्या अंगी काय असावे, एवढेच आज सांगणार आहे.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू. दुसऱ्यासाठी लिहिणे म्हणजे हलके काम, असे काहींना वाटते. पण पहा, 1932 साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. तेव्हा आवाज धरून ठेवणारे यंत्र तिथे कुठले? ती प्रवचने लिहून घेतली साने गुरुजींनी. म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहे. पुस्तक विनोबांचे. पण समोर बसलेला माणूस ऐकणारा आणि इमानाने लिहिणारा नसता, तर अठरा रविवारांचे ते बोल हवेत विरून गेले असते. तसेच खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरच्या माणसांनी त्यांच्या तोंडची गाणी टिपून ठेवली, म्हणून 1951 साली त्या गेल्यावर 1952 साली ती पुस्तकरूपाने आली. त्या लिहिणाऱ्यांनी ‘भाषा सुधारून’ गाणी उतरवली असती तर? आपण फार मोठ्या ठेव्याला मुकलो असतो.

यातच या कामाचे पहिले कसब आले, ते म्हणजे ऐकणे. मी ते कसे शिकलो ते सांगतो. त्यात माझी फजिती आहे, पण शिकवण्यासारखी आहे.

काही वर्षांपूर्वी माणदेशातल्या एका गावी एका वृद्ध शेतकऱ्याकडे मला बोलावणे आले. त्यांना सगळे आबा म्हणत. नातवंडांसाठी आपली हकीकत लिहून ठेवावी, अशी त्यांची इच्छा होती. ओसरीवर घोंगडे टाकून आमची पहिली बैठक झाली. 1972 च्या दुष्काळाची गोष्ट निघाली. आबा म्हणाले, “आमी उपाशी ऱ्हायलो त्याचं काय न्हाई. दावणीला बैल हंबरायचा, त्ये ऐकवत नव्हतं.” मी ते टिपले, घरी आलो आणि रात्रभर बसून लिहिले. निसर्गाची अवकृपा, होरपळलेली धरित्री, कृतांतकाळासारखा उन्हाळा, असे सगळे मोठमोठे शब्द त्यात घातले. मला वाटले, झकास जमले.

पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवले. आबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “गुरुजी, ह्यो मानूस लई चांगला दिसतोय. पर त्यो मी न्हवं.”

मी काय बोलणार? वही मिटली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दिवसापासून माझा नियम आहे. बोलणाऱ्याने जी वस्तू पाहिली तीच लिहायची. त्याने बैल म्हटला तर बैल, त्याने दावण म्हटली तर दावण. आपल्या शब्दभांडाराची दिवाळी दुसऱ्याच्या अंगणात साजरी करायची नाही. याचा अर्थ जसेच्या तसे उतरवायचे असाही नाही. माणूस बोलताना मागे जातो, पुढे जातो, एकच गोष्ट तीनदा सांगतो. ती सांगड घालणे, क्रम लावणे, नको तिथली पुनरुक्ती काढणे हे आपले काम. मात्र काम झाल्यावर घरच्यांनी वाचले तर त्यांना वाटले पाहिजे की, हा आबांचाच आवाज.

दुसरे कसब प्रश्न विचारण्याचे. “तुमच्या बालपणाविषयी सांगा” असे विचारले की माणूस गप्प होतो, किंवा सभेत बोलावे तसे बोलू लागतो. त्याऐवजी विचारा, “शाळेत जाताना वाटेत काय लागायचे?” “पहिला पगार कुणाच्या हातात दिलात?” “घरात दिवा कुठे ठेवायचे?” लहान प्रश्नाला मोठे उत्तर येते. आणि प्रश्न विचारून झाल्यावर थांबायला शिका. समोरचा गप्प बसला म्हणून आपण लगेच दुसरा प्रश्न टाकू नये. पुष्कळदा त्या गप्प बसण्यानंतरच खरी गोष्ट बाहेर येते.

तिसरे कसब ताळा पाहण्याचे. शिक्षक बंधुभगिनींना हे वेगळे सांगायला नको. आपल्या जुन्या पिढीतल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस कागदोपत्री 1 जूनला असतो. ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख! तेव्हा कागदावर आहे म्हणून खरे, असे मानू नये. आणि आठवते म्हणून खरे, असेही मानू नये. खेड्यातली माणसे साल सांगत नाहीत, घडलेली गोष्ट सांगतात. तिचाच उपयोग करावा. “पानशेत फुटले तेव्हा तुम्ही केवढे होता?” म्हणजे 12 जुलै 1961. “कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झाले होते का?” म्हणजे 11 डिसेंबर 1967 ची पहाट. असे दोनतीन खुंट पक्के ठोकले की बाकीच्या आठवणी त्यांना बांधता येतात.

आता कामाच्या सवयी. हे काम स्वतंत्रपणे करणाऱ्याला घंटा देणारा शिपाई नसतो आणि हजेरीपटही नसतो. म्हणून आपली घंटा आपणच वाजवावी लागते. मी सकाळचे तीन तास लिखाणाला ठेवले आहेत. त्या वेळी कुणी आले तरी, चहा ठेवतो पण वही मिटत नाही. बैठक दीड तासाच्या वर नेत नाही. म्हातारे माणूस दमते, आणि दमलेले माणूस लवकर संपवायला पाहते. वहीच्या डाव्या पानावर बोललेले शब्द लिहितो आणि उजवे पान शंकांसाठी कोरे ठेवतो. कुठले नाव, कुठले साल, कुठले नाते नक्की करायचे आहे ते तिथे येते. बैठकीचा दिवस आणि वेळ वर टाकतो.

हल्ली मोबाईलवर आवाज धरता येतो, ही मोठी सोय झाली. परंतु आधी विचारावे, “हे चालू ठेवू का?” आणि मध्येच कुणी “हे बंद करा” म्हटले, तर खरोखरच बंद करावे. तासाभराचे बोलणे ऐकून कागदावर उतरवायला मला चार तास तरी लागतात, हे वेळेचा हिशेब करताना विसरू नये. बोललेले अक्षरांत करून देणारी यंत्रेही आता निघाली आहेत. त्यांची मदत घ्यावी, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. मोटेचा नाडा, इर्जिक, सावड असले शब्द आले की त्यांची गाडी अडते. शिवाय आबा कुठे थांबले आणि का थांबले, हे यंत्राला कळत नाही.

प्रत्येक प्रकरण झाले की मोठ्याने वाचून दाखवावे. नुसते पाठवून देऊ नये. पत्र सांगणाऱ्या आजीचा तो “वाच बघू एकदा” हाच या धंद्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला नियम आहे.

पैशाचे बोलणे आपल्याला अवघड वाटते. घरी जेवायला वाढणाऱ्या माणसाशी रकमेचे काय बोलायचे, असे वाटते. पण न बोलल्यानेच पुढे कटुता येते. एकदा मी तोंडी बोलीवर पुस्तक पुरे केले. नंतर त्या घरच्यांना वाटले की छपाईसुद्धा त्याच पैशांत ठरली होती. चूक त्यांची नव्हती, माझीच होती. तेव्हापासून एका कागदावर साध्या मराठीत सगळे लिहून दोघांच्या सह्या करतो. किती पाने, किती बैठका, किती वेळा दुरुस्ती, कुठल्या तारखेला काय द्यायचे, छपाई कुणाची, नाव कुणाचे, हे सगळे त्यात येते. रक्कम तीन हप्त्यांत घ्यावी. एक सुरुवातीला, एक पहिला खर्डा दिल्यावर आणि एक शेवटी.

कायदाही थोडा माहीत असावा. आपल्या देशातल्या 1957 च्या कॉपीराईट कायद्याप्रमाणे, कुणाच्या नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लिखाणावर पहिला हक्क सर्वसाधारणपणे त्याचाच असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणजे कागद केला नाही तर ज्याची हकीकत आहे तोही अडचणीत येतो, केवळ लिहिणाराच नव्हे. दोघांच्या हितासाठी कागद करावा.

यापुढची गोष्ट मनाची आहे. दुसऱ्याच्या घरातले खूप काही या कामात आपल्या कानावर पडते. भावाभावांतला बांधाचा वाद, मोडलेले लग्न, कर्ज. ते वहीत राहिले पाहिजे, चावडीवर जाता कामा नये. रागाच्या भरात कुणी कुणाविषयी बोलले, तर मी पुढच्या बैठकीत पुन्हा विचारतो, “हे ठेवायचे का? छापलेले परत घेता येत नाही.” दहापैकी आठ वेळा माणूस स्वतःच म्हणतो, “काढा ते.”

आणि काही कामे सरळ नाकारावीत. सरपंचबाईंचे स्वातंत्र्यदिनाचे भाषण त्यांच्याशी बोलून, त्यांच्या शब्दांत लिहून दिले तर ती मदत झाली. परंतु विद्यार्थ्याचा निबंध किंवा पदवीचा प्रबंध पैसे घेऊन लिहून देणे ही मदत नव्हे. तिथे परीक्षा त्याच्या डोक्याची असते, ती आपण देणे म्हणजे फसवणूक. शिक्षकांकडे अशी मागणी पुष्कळदा येते, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता आबांकडे परत येतो. दुष्काळाचे प्रकरण मी नव्याने लिहिले होते. आबा खडी फोडायला गेले, तिथे सुकडी मिळायची, पाझर तलावाचे काम निघाले, असे सगळे त्यांच्या बोलीत आले होते. मी वाचत होतो. आबा खूश होते. आजी दाराआड तांदूळ निवडत बसल्या होत्या. इतक्या बैठकांत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या एकदम म्हणाल्या, “खडीवर आदी मी गेले. ह्ये आठ दिसांनी आले. त्यास्नी लाज वाटत हुती.”

ओसरीवर कुणी बोलेना. नातू आबांच्या तोंडाकडे पाहू लागला. मला वाटले, आता हे पुस्तक इथेच थांबणार. मी काहीच बोललो नाही, पेन खाली ठेवला. आबांनी चंची सोडली, पान जुळवले, पण तोंडात घातले नाही. मग म्हणाले, “गुरुजी, तिचं खरं हाय. ल्ह्या तसं.”

मी तसे लिहिले. पुढच्या बैठकीपासून घोंगड्यावर आजीही येऊन बसू लागल्या आणि पुस्तक जवळजवळ दुप्पट झाले. छापून आल्यावर नातीने ते पान आजींना वाचून दाखवले. त्यांनी एवढेच विचारले, “ह्ये असंच छापलंय?” नात म्हणाली, “असंच.”

त्या पुस्तकावर माझे नाव नाही, आणि ते असावे असे मला कधी वाटलेही नाही. माझे काम एवढेच होते की, आबांना जे बोलायला पन्नास वर्षे लागली ते पुसले जाऊ नये, आणि दाराआडचा आवाजही वहीत यावा.

श्रोतेहो, तुमच्या गावात असे आबा आणि अशा आजी आहेत. हे काम धंदा म्हणून करणे सर्वांनाच जमेल असे नाही. पण एक वही, एक पेन आणि आठवड्याचा एक तास कुणालाही जमेल. शिक्षकांनी वरच्या वर्गातल्या मुलांना हे काम सांगून पाहावे. प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची एकच आठवण त्यांच्याच शब्दांत लिहावी आणि त्यांनाच वाचून दाखवावी. “असं नाही म्हटलं मी” असे ते म्हणाले, तर रागावू नये. खोडावे आणि पुन्हा लिहावे.