जागा कुणाची, नकाशा कुणाचा?

(वारणानगर इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला माणूस. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर राबतो. जहाजातल्या पोलादाच्या कॉईली चढवायच्या, उतरवायच्या, आणि हात मोकळे झाले की कविता लिहायची. इथल्या पोरांनी सांगितलं, शहराच्या भूगोलावर बोल, जमिनीच्या वापरावर बोल. मी म्हटलं, मर्दानो, ज्याच्या नावावर अर्धा गुंठा नाही त्यानं जमिनीवर काय बोलायचं? मग रात्रभर विचार केला. ज्याला बसायला जागा नाही त्यालाच कुठली जागा कुणी अडवलीय ते नीट दिसतं. म्हणून आलो.

आधी पुस्तकातल्या चार गोष्टी सांगतो. त्या आपल्याला माहीत पाहिजेत. नाहीतर घोषणा देऊन घसा बसतो आणि जमीन तिसराच घेऊन जातो.

पहिली गोष्ट, भूमी उपयोजन. शब्द जड आहे, अर्थ हलका. कुठल्या तुकड्यावर काय चालतं, एवढंच. राहणं, दुकान, कारखाना, रस्ता, मैदान, शेती. नगररचनेवाले नकाशात त्याला रंग भरतात. रहिवासाला पिवळा, व्यापाराला निळा, कारखान्याला जांभळा, मोकळ्या जागेला हिरवा. रंग बदलला की जमिनीचा भाव बदलतो. शेतीची जमीन बिगरशेती झाली की रातोरात माणसं श्रीमंत होतात, हे तुम्ही तुमच्या तालुक्यातच बघितलंय.

दुसरी गोष्ट, जागेची बोली. विल्यम अलोन्सो नावाच्या माणसानं १९६४ साली हा सिद्धान्त मांडला. शहराच्या मध्याला पोचणं सगळ्यांना हवं असतं. जो जास्त भाडं देईल त्याला मधली जागा मिळते. म्हणून कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळ, महाद्वार रोडला, दुकानाला दुकान चिकटलंय. तिथं कुणी ऊस लावत नाही. दुकान आत, घर त्याच्या बाहेर, ऊस सगळ्यात बाहेर.

तिसरी गोष्ट, वर्तुळं. १९२५ साली अर्नेस्ट बर्जेसनं अमेरिकेतलं शिकागो शहर कागदावर काढलं. मधोमध व्यापार, भोवती मोडकळीची वस्ती, मग कामगारांची घरं, मग बऱ्यापैकी लोकांची, मग रोज ये-जा करणाऱ्यांची उपनगरं. दगड टाकल्यावर पाण्यात उठतात तशी वर्तुळं. पुढं १९३९ साली होमर हॉइट म्हणाला, वर्तुळं नाहीत, मोठ्या रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या कडेनं भाकरीच्या चतकोरासारखे तुकडे पडतात. १९४५ साली हॅरिस आणि उलमन म्हणाले, शहराला एकच मध्य नसतो, पुष्कळ असतात.

ही चौथी गोष्ट कोल्हापुरात चालत बघता येते. देवळाभोवतीच्या पेठा हा एक मध्य. शाहूपुरीची व्यापारी पेठ हा दुसरा. उद्यमनगरात लेथ आणि फाउंड्री, तो तिसरा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांनी वसवलेलं गांधीनगर, कापडाचं, हा चौथा. आणि हे वारणानगर? इथं तात्यासाहेब कोऱ्यांनी १९५० च्या दशकात सहकारी साखर कारखाना काढला. मग दूध संघ, बाजार, शाळा, कॉलेजं आली. म्हणजे आधी कारखाना, आणि त्याच्याभोवती गाव. जुन्या गावाचा मध्य देव असतो, नव्या गावाचा मध्य धंदा. पुस्तक इथपर्यंत बरोबर आहे.

आता पुस्तक कुठं चुकतं ते बोलू.

तीन वर्षांमागं मी एका तालुक्याच्या गावात खोली बघायला गेलो. बहीण तिथं शिकायला लागली होती. घरावर पाटी होती, 'खोली भाड्याने देणे आहे.' मालक भला दिसला. चहा सांगितला. भाडं पंचवीसशे म्हणाला. मी म्हटलं, दादा, तीन हजार देतो, पण पाण्याची सोय चांगली पाहिजे. मालक खूश. मग विचारलं, "पाव्हणं, आडनाव काय म्हणालासा?" मी सांगितलं. तो जरा थांबला. म्हणाला, "आत्ताच ध्येनात आलं बघा, खोली भावाच्या पोराला द्यायची ठरलीया." आठ दिवसांनी त्या रस्त्यानं गेलो. पाटी तिथंच होती.

मी जास्त बोली लावली होती, तरी जागा मिळाली नाही. अलोन्सोसाहेबाचं गणित त्या उंबऱ्यावर मोडून पडलं. आपल्या देशात जमिनीला दोन भाव असतात. एक पैशाचा, एक आडनावाचा. दुसरा आधी विचारतात.

आणि वर्तुळाचं म्हणाल तर बर्जेसच्या आधी हजार वर्षं आपल्याकडं वर्तुळ काढलेलंच होतं. त्याचं नाव गावकूस. आत कोण, बाहेर कोण, पाण्याच्या वरच्या अंगाला कोण, खालच्या अंगाला कोण, कुणाचं स्मशान कुठं, सगळं ठरलेलं. भूमी उपयोजनाचा एवढा कडक आराखडा जगात कुठं झाला नसेल. त्यावर हरकत घ्यायची मुदतच नव्हती.

शिकागोतही हेच होतं. बर्जेसच्या नकाशात वर्तुळं कापत जाणारा एक पट्टा आहे. त्याचं नाव त्यानं लिहिलंय, 'ब्लॅक बेल्ट'. काळ्या माणसांची वस्ती. भाड्याच्या हिशेबात ती बसत नव्हती, म्हणून वेगळी काढावी लागली. गोऱ्यांच्या घरांच्या खरेदीखतातच लिहिलेलं असायचं की काळ्याला विकणार नाही. १९४८ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असल्या अटी कोर्टं बजावणार नाहीत. आपल्याकडं खरेदीखतात तसं लिहीत नाहीत. लिहायची गरज पडत नाही.

म्हणून मला कोल्हापूरच्या गंगाराम कांबळेंची गोष्ट भूगोलाची वाटते. शाहू महाराजांच्या चाकरीत असताना सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून गंगारामांना मारहाण झाली. पुढं महाराजांच्या पाठिंब्यानं त्यांनी चहाचं हॉटेल काढलं. कुठं? गावाबाहेर नाही. भर वस्तीत, भाऊसिंगजी रोडला. लोक पायरी चढेनात. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायला लागले, सोबतच्यांनाही पाजायला लागले. यातलं मर्म ओळखा. नुसती जागा देऊन भागत नाही. जागा मधली पाहिजे, आणि तिथं गिऱ्हाईक यायला पाहिजे. राजानं ते ओळखलं होतं. आजचे पुढारी आपल्याला समाजमंदिर देतात, तेही ओढ्याच्या काठाला.

आता माझ्या मुंबईकडं चला. लोक म्हणतात शहरात जात विरघळते. थोडी विरघळते, खरं आहे. लोकलच्या गर्दीत कोण कुणाला विचारतो? पण रात्री माणूस झोपायला जातो, तिथं जात जागी असते. १९२० नंतर इंग्रज सरकारनं बीडीडी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. १६० चौरस फुटांची खोली. गिरणीतली, गोदीतली, सफाईची माणसं तिथं भरली. त्याच चाळींत कुठल्या इमारतीत कोण, हे माणसं बोट दाखवून सांगत. १९७४ च्या जानेवारीत वरळीला दंगल पेटली तेव्हा ती रेघ दगडांनी दाखवून दिली.

मग गिरण्या. १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या. राहिली जमीन, सुमारे ६०० एकर, शहराच्या पोटात. १९९१ च्या नियमात म्हटलं होतं, गिरणीची जमीन विकायला काढली तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ साली नियमाची शब्दरचना बदलली. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची करायची, जिथं बांधकाम उभं आहे तिची नाही. आता गिरणीत रिकामी जमीन किती असणार? २००६ साली सुप्रीम कोर्टानं तो बदल कायम ठेवला. एका ओळीनं मैदानं गेली, घरं गेली. बुलडोझर दिसतो, त्याला आडवं पडता येतं. ओळ दिसत नाही. ओळ वाचावी लागते.

आता पाळी गोदीची. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट झाला. बंदराकडं पूर्व किनाऱ्याची सुमारे १८०० एकर जमीन आहे. माझ्या आज्याच्या पिढीत पोती पाठीवर जायची, आकड्यानं ओढायची. १९८९ साली पलीकडं न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, कंटेनर आले, आणि टोळ्या संपत गेल्या. २०१८ साली या किनाऱ्याच्या नव्या आराखड्याचा मसुदा निघाला. समुद्रकाठी बागा, करमणूक, कचेऱ्या. चांगलं आहे, आम्हालाही समुद्र बघायला आवडतो. पण शंभर वर्षं त्या जमिनीवर घाम गाळणाऱ्यांच्या झोपड्या, चाळी, छोटी वर्कशॉपं आहेत. त्यांना रंग कुठला? नकाशात रंग नसला की माणूस अतिक्रमण होतो.

एक शब्द तुमच्या कानावर रोज आदळतो, आरक्षण. आपल्याला चार नोकऱ्या मिळाल्या की यांच्या पोटात दुखतं. पण शहराच्या आराखड्यातही आरक्षण असतं. शाळेसाठी, दवाखान्यासाठी, मैदानासाठी, बेघरांच्या घरांसाठी भूखंड राखून ठेवलेला असतो. तो गुपचूप उठवतात तेव्हा गुणवत्तेच्या नावानं कुणी मोर्चा काढत नाही. ते आरक्षण वाचवणं हेही आपलंच काम.

२०२० च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं, वस्त्यांना जातीची नावं नकोत. महारवाडा, मांगवाडा ही नावं जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावं यायची. बरं झालं, मी त्याच्या विरोधात नाही. पण पाटी बदलली तरी ओढा तिथंच आहे, रस्ता तेवढाच अरुंद आहे, आणि पाण्याची टाकी वरच्या आळीलाच आहे.

तर करायचं काय? क्रांती उद्या सकाळी होणार नाही. उद्या सकाळी तलाठ्याकडं जाता येईल. ज्यांच्या घरी जुनं वतन होतं त्यांनी सातबारा काढा. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली, जमिनी पुन्हा नावावर झाल्या, पण 'वर्ग २' म्हणून. म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय, नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाहीत. तरी कितीतरी जमिनी साध्या स्टँपपेपरावर दुसऱ्याच्या ताब्यात गेल्या. आपली कुठं आहे ते बघा.

दुसरं, नगररचनेचा १९६६ चा कायदा आहे. त्याप्रमाणं विकास आराखड्याचा मसुदा लोकांपुढं ठेवावा लागतो, आणि ठराविक मुदतीत कुणालाही हरकत घेता येते. मॅट्रिक पास, नापास, कुणालाही. बिल्डर पहिल्या दिवशी जातो. आपल्याला मुदत संपल्यावर कळतं.

तिसरं, आज घरी गेल्यावर कागद घ्या आणि आपल्या गावाचा नकाशा स्वतः काढा. पाणी कुठं, शाळा कुठं, डांबरी रस्ता कुठं संपतो, स्मशानं किती आणि कुणाची. साखर पट्ट्यात दर हंगामाला ऊसतोडीची माणसं येतात, पाचटाच्या खोपीत राहतात. त्यांच्या खोपीही काढा. साखर त्यांच्या कोयत्यातून येते आणि कुठल्याच आराखड्यात त्यांना जागा नाही.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा ते नकाशे घेऊन या. इथं जमिनीवर शेजारी शेजारी पसरू. एका गावाचा नकाशा ही एका गावाची तक्रार असते. पन्नास गावांचे नकाशे एकसारखे निघाले, तर तो पुरावा असतो.

मला उद्या पहाटे गोदीच्या गेटवर उभं राहायचंय, म्हणून रात्रीची गाडी गाठतो.

जयभीम.