मोजणीत आले, पण मसलतीत नाही



ज्या भूमीवर एखाद्या समाजाच्या शेकडो पिढ्या नांदल्या, त्या भूमीच्या राज्यघटनेत त्या समाजाचे स्थान कोणते? हा प्रश्न ऑस्ट्रेलियातील मतदारांपुढे आलेला आहे. १९६७ साली त्यांनी एक कौल दिला आणि २०२३ साली अगदी उलट कौल दिला. असे का झाले, याचा आज विचार करावयाचा आहे.

ऑस्ट्रेलियाची घटना १ जानेवारी १९०१ रोजी अमलात आली. लोकसंख्या मोजताना आदिवासींची गणना करू नये, असे तिचे १२७ वे कलम सांगत होते. कोणत्याही वंशासाठी खास कायदे करण्याचा अधिकार मध्यवर्ती संसदेस होता; घटकराज्यांतील आदिवासी तेवढे त्यातून वगळले होते. म्हणजे ज्यांची गणती नाही, त्यांची जबाबदारीही नाही!

हे लोक मुकाट्याने बसले नव्हते. योर्टा योर्टा जमातीचे विल्यम कूपर यांनी १८०० हून अधिक सह्या जमवून इंग्लंडच्या राजाला उद्देशून अर्ज केला. संसदेत आमच्या वतीने बोलणारा प्रतिनिधी असावा, ही त्यातील एक मागणी होती. १९३७ साली तो अर्ज सरकारच्या हाती पडला. १९३८ साली मंत्रिमंडळाने तो राजाकडे न पाठविण्याचे ठरविले.

पुढे फेथ बँडलर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी सुमारे दहा वर्षे सह्या व सभा यांच्या द्वारे लोकमत जागे केले. २७ मे १९६७ रोजी सार्वमत झाले आणि ९०.७७ टक्के मतदारांनी होकार दिला. या सार्वमताने आदिवासींना मताधिकार मिळाला, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. मध्यवर्ती निवडणुकीतील मताधिकार सर्व आदिवासींना १९६२ च्या कायद्यानेच मिळाला होता. १९६७ साली घटनेतून अन्यायाचे शब्द पुसले गेले. त्यांच्या जागी न्यायाचा एकही शब्द लिहिला गेला नाही.

ती उणीव भरून काढण्यासाठी मे २०१७ मध्ये उलुरू येथे आदिवासी प्रतिनिधींनी एक निवेदन काढले. आमचे म्हणणे मांडणाऱ्या मंडळाला घटनेत स्थान द्या, अशी त्यांची मागणी होती. त्या मंडळाला कायदा करण्याचा वा अडविण्याचा अधिकार नव्हता; केवळ संसदेपुढे व सरकारपुढे म्हणणे मांडावयाचे होते. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सुमारे ६० टक्के मतदारांनी तेही नाकारले. सहापैकी एकाही राज्यात बहुमत मिळाले नाही.

यास कारणे होती. तेथे घटनादुरुस्तीसाठी देशभरातील बहुमत आणि सहापैकी चार राज्यांतील बहुमत, अशी दोन्ही लागतात. आजवरच्या ४५ प्रस्तावांपैकी अवघे ८ संमत झाले आहेत. या वेळी प्रमुख विरोधी पक्ष विरुद्ध होते. काही आदिवासी पुढाऱ्यांनीही वेगवेगळ्या कारणांनी विरोध केला. आधी करार हवा, असे काहींचे म्हणणे होते. वंशावरून नागरिकांत भेद होईल, हा आक्षेप सर्वांत अधिक गाजला.

त्या आक्षेपाचा विचार करा. ज्यांना घटनेनेच ६६ वर्षे वेगळे काढले, त्यांचे ऐकून घेणे हा मात्र भेद ठरला! समतेचे नाव घेऊन विषमतेची फळे जतन करता येतात, ती अशी.

२०२१ च्या जनगणनेवर आधारित अंदाजानुसार हा समाज लोकसंख्येच्या सुमारे ३.८ टक्के आहे. केवळ स्वतःच्या मतांवर तो असे सार्वमत कधीच जिंकू शकणार नाही. साउथ ऑस्ट्रेलिया राज्याने २०२३ मध्येच साध्या कायद्याने असे मंडळ स्थापिले, हे स्वागतार्ह होय. परंतु एका बहुमताने केलेला कायदा दुसरे बहुमत मोडू शकते. घटनेतील स्थान मागितले गेले ते याचसाठी.

आपल्या भूतकाळाची लाज वाटली की बहुसंख्य समाज जुने शब्द पुसावयास सहज तयार होतो. स्वतःच्या शेजारी आसन द्यावयाची वेळ आली की तो थबकतो. म्हणून हक्काचे काम मतदानाच्या दिवशी सुरू होत नाही. ते त्यापूर्वी कित्येक वर्षे, घरोघर, प्रतिकूल माणसाशीही संयमाने बोलून करावे लागते. १९६७ चा विजय अशाच दहा वर्षांच्या श्रमांतून आला होता. तोच मार्ग आजही मोकळा आहे.