जुन्या मोटारीचे टायर

पोर्तुगीज अमदानीत, १९६१ पूर्वी, आयात झालेली एखादी मोटार पेडण्यास वा डिचोलीस कोणी जपली असेल आणि ती स्पर्धेत उतरवावयाची असेल, तर प्रश्न टायरचा येतो. परीक्षक मूळपणा पाहतात. मूळ टायरची नक्षी शाबूत दिसते. पण रबर कालमानाने कडक होऊन चिरते, आणि पावसाळी चढणीवर ते दगा देते. रेडियल टायरचे पेटंट मिशेलिनने १९४६ साली घेतले; त्याहून जुन्या गाडीस तो विसंगत ठरतो. तेव्हा जुन्या नमुन्याबरहुकूम, तिरप्या धाग्यांचा, नव्याने घडविलेला टायर घेणे इष्ट. त्याच्या कडेवर चार अंक असल्यास ते अवश्य वाचावेत : पहिले दोन निर्मितीचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. गाडी जुनी शोभते. तिच्यात बसणाऱ्यांचा जीव मात्र टायरच्या ताजेपणावर अवलंबून असतो.